पिवळा आलेख

पद्मजाबाई मगदूम यांच्या हाताखालून सहा वर्षांत रक्ततपासणीचे एकेचाळीस हजार आलेख गेले होते आणि त्यातला एकही त्यांच्या घरी आला नव्हता. तो आला एका रविवारी सकाळी, त्रिशला चौगुलेच्या पत्रिकेला जोडून, आणि पिवळा आला.

खरं म्हणजे मागितला त्यांनीच होता. श्रेणिक आणि त्रिशला सहा महिन्यांपूर्वी एका नातेवाइकाकडे भेटले, एकमेकांना आवडले, आणि मग सांगली ते जयसिंगपूर या रस्त्यावर श्रेणिकची अचानक बरीच कामं निघू लागली. तो पाटबंधारे खात्यात कालव्यांची मोजणी करी. एवढे कालवे त्या बाजूला नाहीत हे पद्मजाबाईंना ठाऊक होतं, पण मुलगा खुशीत असला की आईनं भूगोल काढू नये. मुलगी गणिताची शिक्षिका, वडील भूपाल चौगुले हळदीचे व्यापारी, घर तोलामोलाचं आणि आपल्याच समाजातलं. फक्त याद्या व्हायच्या राहिल्या होत्या. तेव्हा पद्मजाबाई मध्यस्थाला सहज म्हणाल्या, "तेवढा मुलीचा आलेख जोडून द्या म्हणावं."

त्यात वावगं असं त्यांना काहीच वाटलं नाही. अलीकडे सगळेच मागत. गुण किती जुळतात याच्या आधी रंग कुठला ते विचारत. हिरवा म्हणजे पुढची दहा-बारा वर्षं मूत्रपिंडांची काळजी नाही. पिवळा म्हणजे आत बिघाडाला सुरुवात झालेली आहे, सात-आठ वर्षांत तो दिसू लागेल. तांबडा म्हणजे आजच डॉक्टरकडे जा.

आलेखाचं हे प्रकरण समजायला फार डोकं लागत नाही. प्रयोगशाळेच्या दारात मेथी विकणाऱ्या मावशींना पद्मजाबाईंनी ते दोन मिनिटांत समजावलं होतं. मिलिमीटरचे दोन लाख तुकडे केले तर त्यातला एक तुकडा भरेल एवढा बारीक कण असतो, त्याला क्वांटम डॉट म्हणतात. जांभळ्या प्रकाशात धरला की तो स्वतः उजळतो. लहान असेल तर निळसर, मोठा असेल तर तांबूस. हा कण उघडा ठेवला तर शेजारच्या कणांना चिकटून त्याचा गठ्ठा होतो, म्हणून त्याच्या अंगावर रसायनांचं एक आवरण चढवतात. आता असले कण माणसाच्या रक्तद्रवात सोडले की रक्तातली प्रथिनं येऊन त्या आवरणावर बसतात आणि काही मिनिटांत कणाला दुसरं आवरण चढतं. ते मात्र ज्याच्या त्याच्या रक्ताचं असतं. मूत्रपिंडं थकू लागली की रक्तात युरिया रेंगाळतो, त्यातून निघालेलं एक द्रव्य प्रथिनांना कायमचं चिकटतं आणि त्यांचा धन विद्युतभार कमी करून टाकतं. अशा प्रथिनांचं आवरण जास्त ऋणभारित होतं.

हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून कणांची शर्यत लावायची. हातभर लांबीची काचेची नळी, आतलं भोक केसाएवढं. तिच्या दोन टोकांना तीस हजार व्होल्ट लावायचे. काचेच्या भिंतीवरच्या भारामुळे नळीतलं सगळं द्रावण ऋण टोकाकडे वाहू लागतं आणि कण त्याच्याबरोबर निघतात. ज्याच्या आवरणावर ऋण भार जास्त तो मागे ओढला जातो आणि उशिरा पोचतो. शेवटी जांभळा दिवा असतो. कण समोरून गेला की लकाकतो आणि संगणक त्याची टेकडी काढतो. निरोगी माणसाची टेकडी दोन्हीकडून सारखी उतरते. बिघाड असेल तर उशिराच्या बाजूला उतारावर एक उंचवटा येतो. प्रयोगशाळेत त्याला खांदा म्हणत. खांदा दिसला की यंत्र आलेखाला पिवळा रंग देई.

त्रिशलाच्या टेकडीला खांदा होता, आणि चांगला ठसठशीत होता. नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो, त्यामुळे भाद्रपदात तो आपल्याच हातून पुढे गेला तेव्हा पद्मजाबाईंना कळलं नव्हतं. खाली तपासनीस म्हणून त्यांचीच सही होती.

दुसऱ्या दिवशी त्रिशलाचाच फोन आला.

"काकू, श्रेणिकला मी सांगितलंय. तुम्हालाही मीच सांगावं असं वाटलं. हे इथंच थांबवूया."

"अगं, पण लगेच असं..."

"नको काकू. उद्या त्याला माझ्या मागं दवाखान्याचे हेलपाटे घालायला लागले तर मला ते बघवायचं नाही. मुलंबाळं होताना काय होईल तेही कुणाला माहीत नाही. तुम्ही तर यातल्या जाणकार आहात."

पद्मजाबाईंनी "बरं बाई" म्हणून फोन ठेवला. पोरगी समंजस आहे असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याहीपेक्षा आपल्याला नाही म्हणावं लागलं नाही याचं हायसं वाटलं. ते हायसं वाटणं पुढे कितीतरी दिवस त्यांना टोचत राहिलं.

श्रेणिक भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ताटावर बसल्याबसल्या एकच वाक्य टाकलं, "आई, आलेख मी मागितला नव्हता. तू मागितलास." मग तो वेळेवर उठू लागला, वेळेवर कामाला जाऊ लागला, ताटात पडेल ते खाऊ लागला. जयसिंगपूरच्या बाजूचे कालवे एकाएकी मोजून संपले. नवरा गेल्यापासून पाच वर्षं त्या घरात दोघंच होती आणि आता दोघांतलं एक गप्प झाल्यावर घर फारच मोठं वाटायला लागलं.

अशातच वार्षिक तपासणीचा अहवाल करायची वेळ आली. हे काम बाकीचे यंत्राकडून करून घेत. पद्मजाबाई स्वतः बसून करत. त्यांची एक जुनी खोड होती. यंत्र हिरवा-पिवळा रंग दाखवून मोकळं होई, पण त्यांना रंगामागची टेकडी बघितल्याशिवाय चैन पडत नसे. नव्या पोरी त्यांना हसत. त्यांनी सहा वर्षांचे पिवळे आलेख काढले आणि तारखांप्रमाणे लावले.

एरवी शंभरात तीन पिवळे निघत. पण दर वर्षी मध्येच दहा दिवसांचा एक पुंजका असा होता की शंभरात अकरा-बारा निघाले होते. एका वर्षी तो सप्टेंबरच्या सुरुवातीला होता, पुढच्या वर्षी ऑगस्ट संपताना, त्याच्या पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर. महिन्यांच्या बेरजेत तो कधीच दिसला नव्हता, कारण तो एका जागी राहातच नव्हता. हवामान म्हणावं तर मुंबई-नागपूरच्या प्रयोगशाळांत तसं काही नव्हतं. होता तो फक्त सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर, इचलकरंजी एवढ्या पट्ट्यात.

पद्मजाबाई चष्मा पुसून पुन्हा बघायला लागल्या. एका जागी न राहणारे दहा दिवस. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं आणि मग मागच्या वर्षांच्या तिथ्या काढल्या. भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी. सहाच्या सहा वर्षं.

दशलक्षण पर्व! ज्या दहा दिवसांत त्या स्वतः रोज सकाळी जैन मंदिरात जाऊन मग कामावर येत, तेच हे दिवस. त्या एकाशन करत, म्हणजे दिवसातून एकदाच जेवत. पण समाजात शेकडो माणसं दहाही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात. शिवाय नेमकी त्याच वेळी शाळांना गणपतीची सुट्टी असते, त्यामुळे राहिलेल्या तपासण्या लोक तेव्हाच उरकतात. चाचणीला बारा तास उपाशी यायला सांगतात. नोंदणीच्या खिडकीवर 'उपाशी' या शब्दापुढे बरोबरची खूण करतात. किती दिवसांपासून उपाशी, हे विचारायचं जगात कुणाच्या डोक्यात येणार? ही चाचणी जिथे तयार झाली तिथल्या लोकांनी बारा तासांपलीकडे उपाशी माणूस बघितलाही नसेल.

आणि उपाशी शरीर काय करतं? अंगातली चरबी वितळवून त्यावर गुजराण करतं. ती चरबी आम्लांच्या रूपात रक्तात उतरते आणि रक्तातल्या प्रथिनांच्या पाठीवर बसून प्रवास करते. त्या प्रत्येक आम्लाला ऋण भार असतो. म्हणजे प्रथिनं पुन्हा जास्त ऋणभारित, कण पुन्हा उशिरा, आणि टेकडीला पुन्हा खांदा. मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी.

त्यांनी तिथूनच त्रिशलाला फोन लावला.

"त्रिशला, एकच विचारते. रक्त दिलंस तेव्हा तुझे उपवास चालू होते?"

"हो काकू. दहा केले यंदा. तो सातवा दिवस होता. उपाशी या म्हणाले होते, म्हटलं बरंच झालं, वेगळं काही करायला नको. का हो?"

पद्मजाबाईंनी सांगितलं.

"आशा लावू नका काकू," त्रिशला म्हणाली. "एकदा सावरलंय मी. परत नाही जमायचं."

"आशा लावत नाही. तुझ्या नमुन्यातला उरलेला भाग अजून गोठवून ठेवलेला आहे. तो परत तपासायला तुझी परवानगी पाहिजे, बस्स."

परवानगी मिळाली. पण एकट्या त्रिशलाचं निस्तरून भागणार नव्हतं. त्या साठ दिवसांतले, म्हणजे सहा वर्षांतल्या दहा-दहा दिवसांतले, एकशे त्रेचाळीस पिवळे आलेख पद्मजाबाईंच्या सहीनं बाहेर गेले होते. किती सोयरिकी मोडल्या असतील, किती जणांनी नसत्या गोळ्या गिळल्या असतील, कितींनी मूल नको म्हटलं असेल! त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. तुषार जमदाडे वयानं त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि नियमांना फार जपत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण चाचणीचे नियम ठरवणाऱ्या समितीला पटायला पाहिजे. एकाच माणसाचं उपवासाआधीचं, उपवासातलं असं ओळीनं रक्त दाखवावं लागेल. बाहेरचा माणूस घ्यायचा तर मंजुरीलाच चार महिने जातील. आणि समिती बसणार येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. त्यानंतर थेट वर्षानं."

"बाहेरचा नको. आपल्या नियमात आहे की, कर्मचारी स्वतःचं रक्त स्वतःच्या नावानं देऊ शकतो. पाच दिवसांचा उपवास मी धरते."

"तुम्ही?" डॉक्टरांनी पद्मजाबाईंच्या टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघितलं. सकाळपासूनचा तो तिसरा होता. "पाच दिवस? पाण्यावर?"

"बघूया की," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि तो कप मात्र त्यांनी पूर्ण संपवला.

सोमवारी सकाळी, नेहमीसारखं खाणंपिणं चालू असताना, त्यांनी पहिलं रक्त दिलं आणि दुपारपासून उपवास धरला. पुढे रोज एक नमुना. सगळे गोठवून ठेवायचे आणि शेवटी एकाच नळीत, एकाच दिवशी पळवायचे, म्हणजे नळीनळीतला फरक मध्ये यायला नको, ही त्यांची पद्धत. पहिल्या दिवशी चहावाचून डोकं एवढं ठणकलं की मोक्ष वगैरे सगळं लांब राहिलं, त्यांना समोर फक्त आलं घातलेला चहा दिसत होता. लोक हे दहा दिवस हसतमुखानं कसं करतात, याचं त्यांना पन्नाशी उलटल्यावर प्रथमच खरोखरचं नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी श्रेणिकच्या लक्षात आलं. ओट्यावर एकच डबा होता.

"तुझा कुठाय?"

"उपवास आहे."

"आत्ता? पर्व होऊन महिना झाला की."

मग त्यांनी त्याला बसवून सगळं सांगितलं. पुंजका, तिथ्या, चरबीची आम्लं, एकशे त्रेचाळीस माणसं. तो ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्यानं पातेल्यात पाणी घालून उकळायला ठेवलं, निवू दिलं, आणि त्यांच्या बाटलीत भरून दिलं. इतक्या दिवसांनी मुलानं आपल्यासाठी काहीतरी केलं याचं पद्मजाबाईंना इतकं भरून आलं की त्यांना तोंड फिरवावं लागलं.

रविवारी प्रयोगशाळेत त्या एकट्याच होत्या. सकाळी डाळीचं पाणी घेऊन उपवास सोडला होता. नळी कॉस्टिक सोड्यानं दहा मिनिटं धुतली, मग पाण्यानं, मग द्रावणानं भरली. पहिला नमुना त्रिशलाचा. या वेळी त्यांनी तो आधी आम्लात कोळशाच्या बारीक पुडीबरोबर घुसळला. कोळसा चरबीची आम्लं ओढून घेतो. पण मूत्रपिंडाच्या बिघाडातलं द्रव्य प्रथिनाला कायमचं जडलेलं असतं, ते कोळशाला हलत नाही. म्हणजे धुऊन जाणारा खांदा उपवासाचा आणि धुऊनही राहणारा खांदा आजाराचा. एवढा साधा भेद सहा वर्षं कुणी केला नव्हता.

अकरा मिनिटांनी टेकडी उमटली. दोन्ही बाजूंनी सारखी, गुळगुळीत. खांद्याचा मागमूस नव्हता. पद्मजाबाई त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं "जय जिनेंद्र!" म्हणाल्या आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या.

मग त्यांनी स्वतःचे नमुने लावले. उपवासाच्या पाचव्या दिवसाचा आधी: खांदा, चांगला मोठा. अगदी त्रिशलाच्या पहिल्या आलेखासारखा. ठरवल्याप्रमाणेच चाललं होतं. मग सोमवार सकाळचा, उपवास धरण्यापूर्वीचा. तिथे खांदा नसायला हवा होता.

होता. छोटासा, पण होता.

नळी नीट धुतली गेली नसेल, असं म्हणून त्यांनी ती पुन्हा धुतली. खांदा आला. नवी नळी बसवली. आला. मग त्यांनी तो नमुना कोळशात घुसळला आणि अकरा मिनिटं पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसल्या. वळून बघितलं तर खांदा तिथेच होता, तेवढाच. पाचव्या दिवसाचा धुऊन बघितला तर मोठा खांदा उतरून नेमका त्या छोट्या खांद्याएवढा झाला.

त्यांच्या आईचे पाय शेवटी शेवटी सुजायचे. वय झालं म्हणून सगळे म्हणायचे.

आपल्याला भीती वाटते आहे, हे पद्मजाबाईंनी स्वतःशी कबूल केलं. मरणाची कमी, सुयांची आणि परावलंबी होण्याची जास्त. पण त्याहून वाईट विचार मागून आला. असला बिघाड पुष्कळदा घराण्यातून येतो. आता कुणीही श्रेणिककडे बोट दाखवेल. चौगुल्यांची मुलगी निर्दोष ठरली त्याच दिवशी मगदुमांचं घर पिवळं झालं होतं, आणि ही गोष्ट या क्षणी जगात फक्त त्यांना माहीत होती.

पहिला नमुना गाळून टाकता आला असता. मंगळवारपासूनची मालिका द्यायची. आधीचं रक्त खराब झालं म्हणायचं. उपवासानं खांदा वाढतो एवढं तरी त्यातून दिसलंच असतं. पण मग समितीनं विचारलं असतं, कोळशानं खराखुरा आजारही धुऊन जात नाही कशावरून? आणि त्याचं उत्तर याच एका मालिकेत होतं. एकाच बाईच्या रक्तात दोन्ही खांदे, एक जाणारा आणि एक राहणारा. याहून स्वच्छ पुरावा कुणी मागून मिळाला नसता. तो काढून घेतला तर त्रिशला सुटली असती, बाकीची एकशे बेचाळीस माणसं वर्षभर तशीच लटकली असती.

डॉ. जमदाड्यांना त्यांनी फोन करून सगळं सांगितलं. "मॅडम, स्वतःचं रक्त असलं की नाव लावावंच लागतं. आणि समितीची कागदपत्रं सगळ्यांना खुली असतात. एकदा घरी बोलून बघा."

घरी त्या बोलल्या. श्रेणिकनं विचारलं, "तुला आत्ता काही त्रास होतोय का?"

"काही नाही. लवकर कळलंय, गोळी आणि पथ्य सांभाळलं तर बहुतेकांचं पुढं जातच नाही. पण श्रेणिक, हे बाहेर गेलं की तुझं..."

"माझं राहू दे. पाठव."

सोमवारी तो आलेख पद्मजा बाळासाहेब मगदूम या नावानिशी समितीपुढे गेला. तासाभराच्या प्रश्नोत्तरांनंतर निर्णय झाला: यापुढे प्रत्येक नमुना आधी कोळशानं धुवायचा, शेवटचं जेवण केव्हा झालं हे नीट विचारायचं, आणि एकशे त्रेचाळीस जणांना कळवून पुन्हा तपासायचं. कळवायचं काम पद्मजाबाईंनी मागून घेतलं. पत्रं तर गेलीच, पण त्यांनी प्रत्येकाला फोनही केला. सही त्यांची होती, तेव्हा शिव्या खायचा मानही त्यांचाच. काहींनी खरोखर खाऊ घातल्या. इचलकरंजीची एक बाई मात्र शांतपणे म्हणाली, "माझं ज्याच्याशी ठरलं होतं, त्याचं लग्न झालं दुसरीकडं, दोन वर्षांपूर्वी. आता काय बोलायचं त्यावर! पण मला मूल दत्तक घ्यायचंय, त्याला हिरवा आलेख लागतो. कधी येऊ रक्त द्यायला?" पद्मजाबाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी बोलावलं आणि तिचा नमुना सगळ्यांत आधी लावला.

त्याच आठवड्यात भूपाल चौगुले लेकीला घेऊन घरी आले. जय जिनेंद्र झालं, पाणी झालं, चहा झाला. भूपालअण्णा खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते.

"वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

"बोला की."

"त्रिशलाचं तुम्ही निस्तरलंत. पोटाला चिमटा काढून निस्तरलंत. ते मी जन्मात विसरायचा नाही. पण आता तुमचं पिवळं आलंय. आणि असलं घराण्यात उतरतं म्हणतात. श्रेणिकचा आलेख बघितल्याशिवाय याद्या कशा करायच्या? मीही मुलीचा बाप आहे."

पद्मजाबाईंना राग येणं शक्यच नव्हतं. शब्द बदलले असतील, पण हे त्यांचंच बोलणं होतं.

"उद्या सकाळी देतो रक्त," श्रेणिक म्हणाला.

"देऊ नकोस," त्रिशला म्हणाली. इतका वेळ ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. "बाबा, आणलात तरी तो मी बघणार नाही. माझा पिवळा आला तेव्हा हा माझ्या शाळेच्या दारात तीनदा येऊन गेला. मीच भेटले नाही. याला रंग विचारावासा वाटला नाही, मग मी कशाला विचारू?"

"अगं, भावनेच्या भरात असं होत नाही. आमच्या पेठेत हळकुंड मोडून बघितल्याशिवाय कुणी सौदा करत नाही."

"आणि ते आतून जेवढं पिवळं निघेल तेवढा भाव चढतो, बाबा."

भूपालअण्णांनी रागावायचा प्रयत्न केला, पण मिशीखाली हसू आलंच. मग ते पद्मजाबाईंकडे वळले. "तुम्हीच सांगा वहिनी. एवढे हजारो आलेख काढलेत तुम्ही. काढायचा का नाही पोराचा?"

तिघंही त्यांच्याकडे बघत होते. नको म्हणावं, तर उद्या खरंच श्रेणिकच्या आत काही असेल आणि ते वेळेवर कळणार नाही. काढा म्हणावं, तर कदाचित इथेच सगळं संपेल. पद्मजाबाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. गेले काही दिवस फोनवर माणसांचं ऐकून ऐकून ते त्यांच्यात तयारच झालं होतं.

"काढायचा," त्या म्हणाल्या. "त्याचाही आणि हिचाही. दर दोन वर्षांनी काढायचा. पण तो डॉक्टरला दाखवायचा, सोयऱ्यांना नाही. अण्णा, सहा वर्षं मी रोज हे काम केलं आणि मलाच ते कळलं नाही. हिच्या रक्तात चूक यंत्रानं केली, ती मी सुधारली. पण तो कागद पत्रिकेला जोडून मागितला, ती चूक यंत्राची नव्हती. ती माझी होती. त्रिशला, तुझी मी माफी मागते."

"काकू, असं काय बोलताय!" त्रिशलाचे डोळे भरून आले.

भूपालअण्णा खुर्चीत मागे टेकून बसले, आल्यापासून पहिल्यांदाच. "मार्गशीर्षातली तारीख बघायला सांगतो," ते श्रेणिकला म्हणाले. "तोवर तुझ्या त्या कालव्यांची मोजणी परत सुरू कर, पोरगी घरात नुसती चिडचिड करायलीय."

निघताना सगळे दारात चपला घालत असताना त्रिशला मागे वळून पद्मजाबाईंपाशी आली.

"तुमची डॉक्टरांची वेळ कधीची आहे?"

"गुरुवारी अकराची, मिरजेला. पहिलीच भेट आहे, विशेष काही नसतं त्यात. जाऊन येईन मी."

"गुरुवारी माझे दोनच तास असतात. साडेदहाला मी मिरजेच्या स्टँडवर थांबते."

पद्मजाबाईंनी एकदा नको म्हणून बघितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. ये."